गोळी तीच, वाट वेगळी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ४६ वर्षांच्या एका भगिनीने पत्र लिहिले आहे. तिच्या ७८ वर्षांच्या सासऱ्यांना चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. तेव्हापासून नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे त्यांना पातळ आहार आणि औषधे दिली जातात. रक्तदाब, पित्त, फिट, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, अशी मिळून नऊ औषधे आहेत. शिवाय दोन वेळा इन्सुलिन. सकाळच्या साऱ्या गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटायच्या, पेजेत कालवायच्या आणि नळीतून सोडायच्या, असा क्रम होता. गेल्या महिन्यात एका दुपारी सासरे निपचित पडले. नाडी मंद, रक्तदाब बराच खाली. दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीची मात्रा निम्मी केली. घरी परतल्यावर काही दिवसांनी पट्टीवरची बारीक अक्षरे वाचताना, ही गोळी कुटून द्यायची नसते, हे तिच्या लक्षात आले. तिने कोणालाच काही सांगितलेले नाही आणि भीतीपोटी गेले चार दिवस ती गोळी दिलेलीही नाही. पुण्याची नणंद म्हणते, ब्युरोतून नर्स ठेवा. यजमान म्हणतात, गोळ्याच तर द्यायच्या आहेत. ओळखीचे कंपाउंडर म्हणतात, गोळ्यांची कटकट सोडा, सगळे इंजेक्शनने देऊ. ‘माझ्या हातून झाले हे कळले, तर घरात माझ्यावर कोणाचा विश्वास राहणार नाही. काही न बोलता हे काम नर्सकडे सोपवू का?’ असा तिचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात त्यातला अपराधीपणाच डोळ्यांत भरला. दुसऱ्या वेळी मात्र, तुम्ही जाता जाता लिहिलेली दोन वाक्ये मला अधिक अस्वस्थ करून गेली. एक, डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली. दुसरे, चार दिवस गोळी दिलीच नाही. बाकी सगळ्याचा विचार सावकाश करता येईल. या दोन गोष्टींसाठी हे पत्र बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन करा. तुम्ही कळवलेले नाव मेटोप्रोलॉल सक्सिनेटचे आहे. हे औषध एकाएकी बंद केले तर नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात, आणि हृदयविकार असलेल्या माणसाला ते धोक्याचे ठरू शकते. आपल्या मनाने ते पुन्हा सुरूही करू नका. बंद झालेली गोळी कशी आणि किती मात्रेने सुरू करायची, हे त्यांनीच ठरवायचे आहे.

आता पहिल्या वाक्याकडे येते. मात्रा निम्मी करण्याचा निर्णय डॉक्टरांनी कशावरून घेतला असेल? त्यांच्या पुढच्या कागदावर इतके मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, एवढेच लिहिलेले होते आणि समोर रक्तदाब उतरलेला रुग्ण होता. त्यावरून त्यांनी मात्रा जास्त होत असल्याचा निष्कर्ष काढला, आणि हाताशी असलेल्या माहितीवर तो बरोबरच होता. गोळी कुटली जाते हे कळले असते, तर त्यांनी कदाचित औषध तेच ठेवून गोळीचा प्रकार बदलला असता. तुम्ही ‘माझी चूक’ म्हणून जे मनात दडवून ठेवले आहे, ती खरे तर तुमच्या सासऱ्यांच्या उपचाराची माहिती आहे, आणि तिच्यावाचून डॉक्टर अंदाजाने मात्रा ठरवत आहेत. तेव्हा सांगावे की नाही, हा प्रश्न मला तरी उरलेला दिसत नाही. ‘आम्ही सगळ्या गोळ्या कुटून नळीतून देत होतो, ही दिवसभर हळूहळू काम करणारी गोळीसुद्धा, गेले चार दिवस ती बंद आहे,’ एवढी वाक्ये पुरेत. क्षमायाचना त्यात घालण्याची गरज नाही.

त्या दुपारच्या घटनेला ती कुटलेली गोळीच कारणीभूत होती, असे मात्र मी इथे बसून म्हणणार नाही. अंगातले पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग, साखर उतरणे यांनीही वयस्क माणूस असा निपचित पडतो. शंका रास्त आहे आणि निवाडा डॉक्टरांचा आहे, एवढेच.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे आणि ते बहुतेक घरांत असते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. औषध म्हणजे गोळीतला पदार्थ. तो पोटात गेला की काम झाले, मग गिळून जावो की कुटून, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते कोणत्या वाटेने, कोणत्या रूपात आणि किती वेळात शरीरात शिरते, यावर त्याचा परिणाम ठरतो. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी गिळली, तर ती आधी यकृतातून जाते, तिथे तिचा मोठा भाग निकामी होतो आणि उरलेला उशिरा पोहोचतो. दम्याची श्वासावाटे ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी अनेक पाहिले आहेत. ‘औषध रोज घेतो, तरी दम जात नाही’ ही त्यांची तक्रार अगदी प्रामाणिक असते.

तुमच्या घरच्या तीन गोळ्यांचेच पाहा. मेटोप्रोलॉल सक्सिनेटची गोळी औषध जवळजवळ २४ तास थोडे थोडे सोडत राहावे अशा बेताने बनवलेली असते. खलबत्त्यात तो बेत मोडतो, दिवसभराचे औषध थोड्या वेळात अंगात उतरते आणि मग रात्री अंमल कमी पडतो. पित्ताची पँटोप्राझोलची गोळी जठरातल्या आम्लाने नासू नये म्हणून तिच्यावर लेप असतो. लेप फोडला की औषध आतड्यापर्यंत पोहोचण्याआधीच बरेचसे वाया जाते. इथे अपाय असा फारसा होत नाही, पण उपयोगही होत नाही. ॲस्पिरिनवरचा लेप जठराच्या अस्तराला जपण्यासाठी असतो. ती कुटली तर काम करते, पण पोटाला त्रास होण्याची शक्यता वाढते. कृती एकच, खलबत्ताही एकच, आणि परिणाम तीन तऱ्हांचे. म्हणूनच ‘गोळी कुटावी का’ याचे सरसकट उत्तर नसते, ते एकेका गोळीपुरते विचारावे लागते.

नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एमआर, रिटार्ड अशी अक्षरे असली, किंवा पट्टीवर ‘प्रोलाँग्ड रिलीज’, ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’, ‘एन्टेरिक कोटेड’ असे छापलेले असले, तर विचारल्याशिवाय ती गोळी कुटायची नाही. अक्षरे नसली म्हणजे कुटायला हरकत नाही, असा उलटा अर्थ मात्र काढू नका. आणि दुकानदाराकडून पट्टी कापून घेताना नाव, मात्रा व मुदत असलेला तुकडा आपल्याकडे येतो आहे ना, हे पाहा. कापलेल्या पट्टीवर नेमके तेच नसते, हा आपल्याकडचा रोजचा अनुभव आहे.

यात तुमचा दोष किती? रुग्णालयातून घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर गोळ्यांची नावे आणि १-०-१ असे वेळांचे आकडे लिहिले होते, पण ‘नळीतून’ असे कुठेही नव्हते, असे तुम्ही लिहिता. रुग्णाला नळी आहे हे सोडणाऱ्यांना ठाऊक होते. गोळी नळीतून कशी जाणार, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणीतरी विचारायला हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करण्यासाठी एक जागतिक मोहीम सुरू केली, तेव्हा तीन प्रसंगांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितले होते: जोखमीची औषधे व परिस्थिती, एकाच माणसाला अनेक औषधे, आणि रुग्णाचे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे. तुमच्या घरात हे तिन्ही एकाच आठवड्यात येऊन पडले आणि ते सांभाळायला शिकवले कोणीच नाही. मी हे दोष दुसऱ्यावर ढकलण्यासाठी लिहीत नाही. पण आपण मायेत कमी पडलो असे तुम्हाला वाटते आहे, आणि ते मला पटत नाही.

नणंदबाईंच्या सूचनेविषयी. नर्स ठेवण्यात गैर काही नाही. चार महिने एकटीने हे केल्यावर विश्रांती हवी, हेच त्यासाठी पुरेसे कारण आहे. परंतु ब्युरोतून येणारी प्रत्येक बाई परिचारिका नसते. पुष्कळ जणी रुग्णाची स्वच्छता, कूस बदलणे, सोबत ही कामे उत्तम करतात, पण औषधांचे शिक्षण त्यांनी घेतलेले नसते. इन्सुलिन आणि नळीतून औषध त्यांच्यावर सोपवायचे असेल, तर एएनएम किंवा जीएनएम या परिचर्येच्या अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडची नोंदणी आहे का, हे स्पष्ट विचारा. आणि शिकलेल्या नर्सलाही, या गोळ्या नळीतून कशा द्यायच्या, हे डॉक्टरांनी लिहून दिलेले लागेलच. काही न बोलता काम सोपवाल, तर तुमच्या ऐवजी ती कुटेल.

शिक्षणाने चूक होत नाही, असेही नाही. मी उमेदवारीत असताना आमच्या वॉर्डात एकाच वेळी तीन पाटील दाखल होते, त्यांतल्या दोघांची आद्याक्षरेही सारखी. एकाचे औषध घेऊन मी दुसऱ्याच्या खाटेशी उभी राहिले. ‘बाई, मला तर दुपारचे काही नसते,’ असे तो म्हणाला म्हणून निभावले. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हा पाढा परिचारिकांना घोकायला लावतात, तो त्या विसराळू असतात म्हणून नव्हे. थकलेला माणूस जे पाहण्याची अपेक्षा असते तेच पाहतो म्हणून. घरी रुग्ण एकच असला तरी उरलेल्या चार गोष्टी आहेतच.

कंपाउंडरांची सूचना मात्र मी साफ नाकारीन. इंजेक्शन म्हणजे जास्त जोरकस आणि म्हणून चांगले औषध, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. शिरेतून दिलेले औषध तत्काळ भिनते, आणि मात्रा चुकली तर ते परत काढता येत नाही. तुमच्या यादीतल्या साऱ्या औषधांची इंजेक्शने मिळतीलच असे नाही, आणि जी मिळतात त्यांची मात्रा गोळीइतकीच असते असेही नाही. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना स्नायूत सुई टोचली तर आत रक्त साकळू शकते. नितंबावर चुकीच्या जागी टोचली तर पायाची नस दुखावते. सुई आणि सिरिंज नवी नसेल, तर काय होते हे २००९ साली गुजरातमधल्या मोडासा गावाने पाहिले. तिथे वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची मोठी साथ पसरली आणि बरेच बळी गेले. पोट काम करते आहे तोवर पोटाची वाट सोडू नये, हा वैद्यकातला जुना आणि शहाणपणाचा दंडक आहे.

आता पोटाची वाट नीट कशी वापरायची ते पाहू. सगळी औषधे, पट्ट्यांसकट, पिशवीत घालून डॉक्टरांकडे किंवा जाणत्या औषधविक्रेत्याकडे न्या आणि प्रत्येकापुढे तीनच प्रश्न विचारा: हे कुटता येते का, नसेल तर याचे पातळ, पाण्यात विरघळणारे किंवा साधे रूप मिळते का, आणि हे आहाराच्या आधी, नंतर की वेगळे द्यायचे? मेटोप्रोलॉलचा साधा प्रकार दिवसातून विभागून देता येतो, ॲस्पिरिनची विरघळणारी गोळी मिळते. पर्याय असतात, विचारले तर सुचवले जातात. डॉक्टरांना कागदावर ‘नळीतून’ हा शब्द लिहायला सांगा. नऊ औषधांपैकी एखादे आता लागत नाही, असेही या फेरतपासणीत निघू शकते.

पेजेत औषध कालवणे बंद करा. पेज पूर्ण गेली नाही तर औषधही अर्धेच जाते, नळी चिकटून बंद होते आणि काही औषधे आहारातल्या घटकांना बांधली जातात. तुमच्या सासऱ्यांचे फिटचे औषध फेनिटॉइन आहे, आणि ते या बाबतीत फार नाजूक. आहाराबरोबर दिले तर ते रक्तात कमी उतरते, म्हणून त्याच्या आधी व नंतर साधारण एक ते दोन तास आहार थांबवण्याची पद्धत आहे. पण तुमच्याकडे इन्सुलिन आहे, आणि आहार पुढेमागे झाला की साखर हलते; म्हणून हे वेळापत्रक डॉक्टरांकडूनच बसवून घ्या. फेनिटॉइनची बाटली दर वेळी चांगली हलवा. औषध तळाशी बसलेले असेल, तर महिन्याच्या सुरुवातीला पाणी आणि शेवटी विष, अशी गत होते.

देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवा आणि नंतरही निदान अर्धा ते एक तास तशीच राहू द्या. नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागच्या जागी आहे का, हे आधी पाहा. खूण सरकली असेल, खोकला येत असेल, श्वास घरघरत असेल, तर पाण्याचा थेंबही न सोडता डॉक्टरांकडे जा. सिरिंजने हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची युक्ती सर्रास शिकवली जाते. ती भरवशाची नाही, नळी फुफ्फुसाकडे गेलेली असतानाही आवाज येऊ शकतो. मोठ्या तोंडाची ५० मिलिलिटरची सिरिंज नळीसाठी वेगळी ठेवा. इंजेक्शनची सिरिंज तोंडाच्या किंवा नळीच्या औषधाला कधीच वापरू नका. घरात कधी सलाइन लागले, तर घाईत तोंडाचे औषध शिरेत जाण्याची भीती तिथूनच सुरू होते. आधी १५ ते ३० मिलिलिटर पाणी, मग एकेक औषध वेगवेगळे, दोन औषधांच्या मध्ये थोडे पाणी, आणि शेवटी पुन्हा पाणी. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर बंधन असेल तर हे पाणी त्या हिशेबात धरा. नळी अडकली तर कोमट पाण्याने हलके मागेपुढे करून पाहा. जोर लावू नका आणि तार तर मुळीच घालू नका.

खलबत्ताही औषधांपुरता वेगळा हवा, मसाल्याचा नको. घरात कोणी गरोदर असेल, तर प्रोस्टेटसाठी दिली जाणारी फिनास्टेराइडची गोळी तिने कुटू नये, तिची पूडही हाताळू नये. ही सूचना तुमच्यापेक्षा इतर वाचकांसाठी अधिक.

इन्सुलिनबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, आणि मला काळजी तिथेच जास्त वाटते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, आणि पेनमधले १०० युनिटचे. सिरिंजही दोन तऱ्हेच्या मिळतात: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरले, तर जातात फक्त ८ युनिट. उलट १०० चे औषध ४० च्या सिरिंजने २० पर्यंत भरले, तर ५० युनिट जातात, आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो. दुकानदाराने ‘एकच आहे हो’ म्हटले तरी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून पाहा. दुसरे असे, की तुमच्याकडे इन्सुलिननंतर आहार नळीतून जातो. नळी बंद निघाली तर इन्सुलिन आत आणि अन्न बाहेर, असा पेच होतो, आणि गिळता न येणाऱ्याच्या तोंडात साखर घालणेही धोक्याचे. म्हणून आधी पाणी सोडून नळी मोकळी असल्याची खात्री करा, मगच सुई टोचा. पेच आलाच, तर साखर तपासा आणि ७० च्या खाली असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

यजमानांना हे सारे ‘गोळ्याच तर’ वाटते, कारण त्यांनी ते कधी केलेले नाही. एक आठवडा संध्याकाळची वेळ त्यांच्याकडे द्या. त्यासाठी एक वही लागेल: वेळ, औषध, मात्रा, मार्ग, देणाऱ्याची सही. सही औषध दिल्यानंतर करायची, नुसते काढून ठेवल्यावर नाही. नाहीतर एकाने काढले, दुसऱ्याने दिले आणि पहिल्याने परत दिले, असे दोन देणारे असलेल्या घरात हटकून होते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचे नाही, हेही पहिल्या पानावर लिहून ठेवा. घरच्यांना तुमच्या हातून काय झाले ते सांगायचे असेल, तर डॉक्टरांकडे यजमानांना बरोबर न्या. तुमचा फोन त्यांच्यासमोर झालेला बरा, आणि बहुतेक स्पष्टीकरण मग डॉक्टरच देतील. कोणी टोमणा मारलाच, तर त्या व्यक्तीला आठवड्याची पहाटेची वेळ द्यावी, असे मी वैयक्तिक मत म्हणून नोंदवते.

शेवटी, तुम्ही न विचारलेला एक प्रश्न. नाकातली नळी ही काही आठवड्यांची सोय मानली जाते, आणि तुमच्याकडे चार महिने झाले. पक्षाघातानंतर अनेकांचे गिळणे हळूहळू सुधारते; ते सुधारले आहे का, हे वाचा-उपचारतज्ज्ञ (स्पीच थेरपिस्ट) तपासतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय मिळू शकते. सुधारले नसेल, तर पोटावरून थेट जठरात बसवायच्या नळीचा विचार करता येतो. सासरे हाताने खुणावतात, असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा हे त्यांनाही विचारा, आणि रोज औषध देताना कोणते देत आहात ते त्यांना सांगत जा. पण ती तपासणी होईपर्यंत, कितीही डोळे लावून बसले तरी, चहाचा घोट तोंडावाटे देऊन पाहू नका.